तिसऱ्या परीक्षकाचा शेरा

मी एकेकाळी कॉम्प्युटर होतो. हे वाक्य आज घरात उच्चारलं की नातवंडं काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जातात, पण ते अक्षरशः खरं आहे. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पिंपरीजवळ, मुंबई रस्त्याला लागून, पंप बनवणारा आमचा कारखाना होता. त्यातल्या आकडेखात्यात मी नोकरीला लागलो तेव्हा नेमणुकीच्या कागदावर हुद्दा म्हणून हाच शब्द टाइप केलेला होता. कॉम्प्युटर म्हणजे मोजणारा माणूस. त्याला एक टेबल, एक खुर्ची आणि उजव्या हाताला हँडल असलेलं एक वजनदार लोखंडी मशीन मिळे. बेरजेला हँडल पुढं फिरवायचं, वजाबाकीला मागं, आणि गुणाकाराला खांदा दुखेपर्यंत पुढं. आम्ही सहाजण दिवसभर हेच करत असू. बाहेरून जाणाऱ्या नव्या माणसाला आत शिवणाचा क्लास चालू आहे असं वाटे.

या खोलीचा एक नियम होता आणि त्यावर माझी देवासारखी श्रद्धा होती. कुठलाही हिशेब दोघांनी करायचा, एकमेकांकडे पाठ करून, एक शब्द न बोलता. दोघांची उत्तरं जुळली तर कागद पुढं. नाही जुळली तर दोघांनी पुन्हा करायचं. तीनदा जुळलं नाही तर तो कागद तिसऱ्या माणसाकडे जाई, आणि पहिल्या दोघांची उत्तरं त्याला दाखवली जात नसत. तो ज्याच्याशी जुळेल त्याचं खरं. शिवाय टेबलावर आलेलं काम कुणी परत करायचं नाही, हेही ठरलेलं होतं.

आमच्या खोलीत एक बाई होत्या. महाळुंग्याच्या शेतकरी घरातल्या, मॅट्रिक झालेल्या. लग्नाआधी चाकणच्या शाळेत त्यांनी काही वर्षं शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. नवरा आमच्याच कारखान्यात फिटर. बाई माझ्यापेक्षा वेगानं मोजत आणि माझ्यापेक्षा कमी चुकत. मी बी.ए. होतो, गणित घेऊन. त्यामुळे मला त्यांचा भयंकर राग येत असे, आणि तो राग लपवण्यासाठी मी त्यांच्याशी फार आदरानं बोलत असे.

अशात आमचे मोठे साहेब कलकत्त्याला जाऊन आले. तिथं त्यांनी यंत्रांनी गणन करण्याच्या विषयावर भरलेली एक विद्वानांची परिषद पाहिली आणि ती त्यांच्या डोक्यात बसली. अशी परिषद आपल्याकडे का होऊ नये, असं त्यांनी विचारलं. आपल्याकडे म्हणजे त्या काळी भोवती ज्वारीची शेतं, निर्वासितांच्या बराकी आणि मधूनच एखादी कारखान्याची चिमणी. पण साहेबांना नाही म्हणायची पद्धत नव्हती. सेक्रेटरी म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

त्याच सुमारास दुसरी बातमी आली. कारखाना भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारी नवी यंत्रं घेणार होता. ती आली की आमची हँडलं अडगळीत आणि आमच्यातले बहुतेक पॅकिंग खात्यात जाणार, हे शिपायालाही कळत होतं. ती यंत्रं शिकायला एकाच माणसाला सहा महिने कलकत्त्याला पाठवायचं होतं. तो माणूस यंत्रांजवळ राहणार, बाकीचे खोकी बांधणार. वशिल्याची कटकट नको म्हणून साहेबांनी अट घातली की आमच्या खात्यातल्या ज्याचा निबंध परिषदेच्या परीक्षणातून पसंत होईल, त्यालाच पाठवायचं. पदवी आहे की नाही हे पाहायचं नाही.

आमच्या खोलीतून निबंध दोघांनीच दिले. एक मी, एक बाईंनी. माझा विषय होता, लांबलचक गुणाकार कोणत्या क्रमानं केले तर हँडल कमी फिरवावं लागतं. माझ्या रितीनं एकतृतीयांश मेहनत वाचते असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. बाईंनी कशावर लिहिलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी दोनदा सहज म्हणून विचारलं, दोनदाही त्यांनी चहा घेणार का असं विचारलं.

परीक्षणाची व्यवस्था मात्र मी अशी चोख लावली की आजही आठवून मान ताठ होते. एकूण नऊ निबंध आले. मुंबई, पुणे, सांगली, आणि आम्ही दोघं. लेखकाचं नाव परीक्षकाला कळता कामा नये, म्हणून सगळे निबंध थेट कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात जात. त्यांचा गणिताशी आयुष्यात संबंध आला नव्हता, म्हणून ते निष्पक्ष. त्यांच्या कारकुनानं सगळे निबंध एकाच टाइपरायटरवर पुन्हा टाइप केले, नावाच्या जागी आकडा घातला, आणि कुठला आकडा कुणाचा ही यादी डॉक्टरांनी दवाखान्यात विषाच्या बाटल्यांचं जे कुलूपबंद कपाट असतं त्यात ठेवली. लेखकानं आपला आकडा कुणालाही सांगितला तर निबंध बाद, असं मी पत्रकात ठळक अक्षरात छापलं.

परीक्षक दोन. एक पुण्याच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, मऊ बोलणारे आणि प्रत्येक गोष्टीत काहीतरी चांगलं पाहणारे. दुसरे लष्कराच्या नोकरीतून निवृत्त होऊन दिघीला घर बांधून राहिलेले इंजिनिअर, त्यांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी वाईट दिसे. प्रत्येक निबंध दोघांकडे जाणार. सोबत मी तयार केलेला परीक्षणाचा कागद, आणि त्यावर दोन चौकटी, पसंत आणि नापसंत. बैठकीत प्राध्यापकांनी हळूच सुचवलं की सुधारून घ्यावा अशी तिसरी चौकट असावी. मी उखडलो. मोजलेलं जुळतं किंवा जुळत नाही, मधलं काही नसतं, असं मी त्यांना सुनावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सूचना मागं घेतली. ही तिसरी चौकट नाकारल्याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

निकाल येऊ लागले. बहुतेक जुळले, आणि जुळलेल्या प्रत्येक कागदावर मी समाधानानं लाल टिक केली. पण सात नंबरचा निबंध अडला. प्राध्यापकांनी लिहिलं, फार सुंदर, साधं आणि उपयोगी. इंजिनिअरांनी लिहिलं, हे शाळेच्या हजेरीपटासारखं आहे, परिषदेला शोभत नाही. आता शहाण्या माणसानं काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी आमच्या खोलीत करत होतो तेच केलं. दोघांनाही पत्र पाठवलं की आपला निकाल दुसऱ्या निकालाशी जुळत नाही, तरी कृपया पुन्हा मोजून पाठवावा.

प्राध्यापकांचं उत्तर आलं की मी निबंध वाचला आहे, मोजला नाही. इंजिनिअरांचं उत्तर कार्डावर आलं, म्हणजे ते पोस्टमननंही वाचलं. मी मत दिलं आहे, बेरीज केलेली नाही, असं त्यात होतं. मी चिवटपणे दोघांना तिसऱ्यांदा लिहिलं. प्राध्यापकांनी तेच शब्द पुन्हा धाडले. इंजिनिअरांनी माझ्या वडिलांचा व्यवसाय काय होता अशी चौकशी केली.

सात नंबरचा निबंध मी स्वतः वाचला होता. मोठ्या तक्त्यातली चूक कशी पकडावी यावर तो होता. प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज काढायची, प्रत्येक उभ्या रांगेची काढायची, आणि ज्या ओळीची नि ज्या रांगेची बेरीज फसते ती जिथं एकमेकींना छेदतात, चूक नेमकी त्या घरात. इतकं स्वच्छ लिहिलेलं की हा सांगलीच्या कुणा मुरलेल्या प्राध्यापकाचा हात, असं मी पैजेवर सांगितलं असतं. शाळेचा हजेरीपट हे शब्द इंजिनिअरांनी माझ्या डोळ्यासमोर लिहून ठेवले होते, आणि माझ्या शेजारी दोन हातांवर शाळेत शिकवलेल्या बाई बसल्या होत्या, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. बी.ए. होतो ना.

तीनदा जुळलं नाही. नियमाप्रमाणे आता तिसरा माणूस हवा, आणि खोलीतला सर्वांत खात्रीचा माणूस कोण याबद्दल माझ्या मत्सरी मनातही दुमत नव्हतं. सात नंबर मी बाईंच्या टेबलावर ठेवला.

त्या दिवशी माझा जीव खाटांमध्ये अडकला होता. बाहेरगावच्या पाहुण्यांना निजवायला पंधरा खाटा हव्या होत्या आणि अकराच मिळाल्या होत्या. त्यामुळे बाईंचा चेहरा मी नीट पाहिला नाही. त्यांनी पहिलं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हे मीच तपासायचं का, असं विचारलं. टेबलावर आलं की आपलं, असं मी त्यांना म्हणालो, आणि खाटांचा शोध घ्यायला चिंचवडकडे सायकल मारली.

दोन दिवस त्यांच्या मशीनचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी कागद माझ्या टेबलावर आला. नापसंतच्या चौकटीत फुली, आणि खाली सरळ अक्षरात शेरा: लेखकाने स्वतःची रीत स्वतःच्याच तक्त्याला लावलेली नाही. सहाव्या ओळीतला एक आकडा मागाहून बदललेला दिसतो, बेरीज जुनीच राहिली आहे. चुका पकडायला शिकवणाऱ्याने असे करू नये.

शेरा वाचून मी खूश झालो. काय झोडपलंय, असं मनात म्हणालो. दोघांविरुद्ध एक, सात नंबर बाद, असं लिहून टाकलं.

मग बैठक भरली. प्राध्यापक, इंजिनिअर, डॉक्टर आणि मी. डॉक्टरांनी विषाच्या कपाटातून यादी काढून आणली, तिला आयोडीनचा वास येत होता. एकेक आकडा मी वाचायचा, नाव त्यांनी वाचायचं. तीन नंबर, दोन्ही परीक्षकांना पसंत, आणि नाव माझं. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. कलकत्ता मला समोर दिसायला लागलं. मग सात नंबर आला, नापसंत, आणि डॉक्टरांनी चष्मा सावरून बाईंचं नाव वाचलं.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लपवत नाही. आनंद झाला. आता शर्यतीत कुणी उरलं नाही, एवढंच डोक्यात आलं. दुसरा विचार यायला चांगली दोन मिनिटं लागली, आणि तो आला तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बाईंना त्यांचाच निबंध तपासायला दिला होता.

बैठक अर्धवट टाकून मी खोलीत गेलो. बाई हँडल फिरवत होत्या. मी विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीत.

"बोलले असते तर आकडा फुटला असता," बाई म्हणाल्या. "आकडा फुटला की निबंध बाद. तुम्हीच छापलंय."

मग पसंतवर फुली मारायची, असं मी म्हणालो. कुणाला कळलं असतं? त्या दोघांपैकी एकानंही ती ओळ मोजली नव्हती.

बाईंनी हँडल थांबवलं. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांच्या तोंडी गावाकडची बोली मी कधी ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली. "बेरीज जुळत न्हवती, भाऊ. म्या काय करनार?" आणि लगेच स्वतःला सावरून त्या म्हणाल्या, "तिसरी चौकट असती तर तिच्यात फुली मारली असती. शोधली मी. कागद उलटून मागंही पाहिलं."

मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो. खोकी बांधायचं आयुष्य समोर दिसत असताना या बाईंनी दोन दिवस खपून स्वतःच्याच नावावर फुली मारली होती, आणि फुली मारायला दुसरी जागा मीच ठेवली नव्हती. मला स्वतःची लाज वाटली. लाजेपेक्षा जास्त, भीती वाटू लागली. कारण सात नंबर त्या दोघांनी मोजला नव्हता, तर तीन नंबर कुणी मोजला होता?

रविवारी खोली उघडून मी माझा निबंध मशीनवर घेतला. घरी खाटांचं काम आहे असं सांगितलं होतं. प्रत्येक गुणाकार करून पाहिला, हँडलची प्रत्येक फेरी मोजली. दुपारी कळलं ते असं की दर गुणाकारानंतर, आणि माझ्या रितीत तर मधेही, मशीन शून्यावर आणायला जे हँडल फिरवावं लागतं, ते मी धरलंच नव्हतं. रोज दिवसातून शेकडो वेळा ते फिरवत होतो, म्हणून ते दिसेनासं झालं होतं. ते धरलं तर माझ्या रितीनं एकतृतीयांश मेहनत वाचत तर नव्हतीच, उलट साध्या रितीपेक्षा जास्त पडत होती. दोन विद्वानांनी हा निबंध उत्कृष्ट म्हणून पसंत केला होता. मी पुन्हा मोजलं. उत्तर जुळलं. आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर जुळल्याचं मला दुःख झालं.

सोमवारी मी कुणाला काही सांगितलं नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी तर मी स्वतःला असं पटवत होतो की परीक्षकांनी पसंत केलंय, आपण मधे बोलणं म्हणजे नियमभंग. बुधवारी बाईंनी मला जेवणाच्या सुट्टीत डब्यातली मिरचीची चटणी दिली आणि कलकत्त्यात भात फार खातात, सवय करून घ्या, असं सांगितलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मी कदाचित गप्प राहिलो असतो.

संध्याकाळी मी पुन्हा बैठक बोलावली आणि सगळं सांगितलं. सात नंबरची तिसरी परीक्षक ही सात नंबरचीच लेखिका होती. तिनं मोजलं म्हणून तिचा निबंध पडला आणि कुणी मोजलं नाही म्हणून माझा चढला. डॉक्टर हसू दाबत होते. प्राध्यापक टेबलाकडे पाहत म्हणाले की त्यांना सुंदर वाटलं तेव्हा मोजायचं सुचलंच नाही. इंजिनिअरांनी मिशी चोळली. मग त्यांनी तो शेरा मागून घेतला, वाचला, आणि सैन्यात असा एक माणूस असता तर बरं झालं असतं, एवढंच बोलले.

ठरलं ते असं. परीक्षणाच्या कागदावर तिसरी चौकट आली. नऊच्या नऊ निबंध आमच्या खोलीत आणून दुहेरी मोजणीनं तपासले गेले. नऊपैकी दोनच धड निघाले. उरलेल्यांना चुकांच्या याद्या पोस्टानं गेल्या, आणि काही दिवस टपाल फोडायची मला हिंमत होईना. सांगलीच्या प्राध्यापकांनी आभार मानले. मुंबईच्या एकांनी पंप बनवणाऱ्यांनी पंप बनवावेत असं कळवलं, आणि त्याच पाकिटात निबंध दुरुस्त करून पाठवला. माझ्या निबंधात दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नव्हतं. तो मी मागे घेतला. बाईंनी सहाव्या ओळीची बेरीज नीट केली, एवढंच त्यांना करावं लागलं, आणि सात नंबर पसंत झाला.

परिषद कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भरली. खाटा तेरावर अडल्या, तेव्हा दोन पाहुणे दवाखान्यातल्या पलंगांवर निजले आणि सकाळी त्यांना ताप पाहून उठवण्यात आलं. जेवणात चाकणचे कांदे इतके होते की दुपारच्या सत्रात पहिल्या रांगेत बसायला कुणी तयार नव्हतं. बाईंचा नवरा पाळी बदलून घेऊन शेवटच्या बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी महाळुंग्याहून आलेले बाईंचे वडील, डोक्याला पटका. लेक फळ्यावर आकडे लिहू लागली तेव्हा त्यांनी जावयाला मोठ्यानं विचारलं, "समदी ऐकत्यात नव्हं?" आणि व्हय म्हटल्यावर पटका सारखा करून बसले.

बाईंनी निबंध वाचला. आवाज थोडा कापत होता, पण आकडे सांगताना एकदाही अडखळल्या नाहीत. शेवटी मुंबईचे तेच गृहस्थ उठले. तुमच्या तक्त्यातही चूक होती असं ऐकलं, ती कुणी काढली, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या निबंधातल्या बऱ्याच चुका निघाल्या होत्या आणि त्यांना सोबत हवी होती.

"तिसऱ्या परीक्षकानं," बाई म्हणाल्या.

फार बारीक नजरेचा माणूस दिसतो, असं ते गृहस्थ म्हणाले. तेवढ्यात इंजिनिअर जागेवरूनच गरजले की आपण ओळखतो त्याला, स्वतःच्या बापालाही सोडणार नाही असा माणूस आहे. डॉक्टरांनी रुमालात तोंड घातलं. त्यांना आमचा नमस्कार सांगा, असं त्या गृहस्थांनी बाईंना विनवलं.

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि खडूचे हात पदराला पुसून खाली बसल्या.

साहेब माझ्या शेजारी होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे कान झुकवून विचारलं की यादीत तुमचा निबंध दिसत नाही, मग कलकत्त्याला नाव कुणाचं पाठवायचं. मला ती जागा हवी होती. त्या क्षणीसुद्धा हवी होती. मी बाईंचं नाव घेतलं. त्यांनी ऐकलं नाही, टाळ्या चालू होत्या, म्हणून मला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं घ्यावं लागलं, आणि शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं ते ऐकून उभं राहून मला हात जोडले.